प्रथिनाची घडी कशाने टिकते?

जून २०२० मध्ये ठाणे महापालिकेने बाळकुम-साकेत भागातल्या ग्लोबल इम्पॅक्ट हब या इमारतीत १०२४ खाटांचे कोविड रुग्णालय सुरू केले. त्याच दिवसांत ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आणि ९४ हा आकडा लहानथोरांच्या तोंडी बसला. त्या चिमट्यातून लाल आणि अवरक्त प्रकाश बोटाच्या आरपार जातो, रक्तातले हिमोग्लोबिन त्यातला किती शोषते हे यंत्र मोजते आणि हिमोग्लोबिनच्या शंभर जागांपैकी किती जागी ऑक्सिजन बसला आहे ते सांगते. म्हणजे लाखो माणसे दिवसातून चार-चार वेळा एका प्रथिनाची अवस्था वाचत होती. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो, त्यांत मिळून ५७४ अमिनो आम्ले असतात. फुप्फुसात ऑक्सिजन बसला की या साखळ्यांमधले काही बंध तुटतात आणि रेणूचा आकार बदलतो. रक्त स्नायूंपर्यंत पोचले की तेच बंध पुन्हा जुळतात आणि ऑक्सिजन सुटतो. रक्ताच्या प्रत्येक फेरीत हे तुटणे-जुळणे चालू असते. ज्या बंधांनी रेणू तोलून धरला आहे तेच बंध मोडून तो आपले काम करतो. प्रथिनांच्या रचनेवरील या पुस्तकाचा प्रारंभ या रेणूपासून करण्याचे कारण असे, की ‘बंध’ म्हटले की आपल्या मनात येणारे घट्टपणाचे, कायमपणाचे चित्र येथे पहिल्याच पावलाला सोडावे लागते.

पुढील सर्व प्रकरणांमागे एकच विचार आहे, तो येथे मांडतो. प्रथिनाची घडी एखाद्या भक्कम बंधाच्या आधारावर उभी नसते. शेकडो दुबळे बंध एकाच वेळी, एकमेकांच्या आधाराने जुळतात. त्यांची एकूण जमा घडी उलगडू पाहणाऱ्या शक्तींच्या खर्चापेक्षा किंचित जास्त भरते. त्या किंचित शिलकेवर घडी टिकते. ही शिलक इतकी कमी असणे हा निसर्गाचा निष्काळजीपणा नाही, जिवंत शरीराची ती गरज आहे. या म्हणण्यावर बरेच आक्षेप येऊ शकतात आणि त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत. त्यांना टाळून हा विषय समजणार नाही.

आधी साखळी आणि घडी या दोन गोष्टी वेगळ्या करू. वीस प्रकारची अमिनो आम्ले एकापुढे एक जोडून प्रथिनाची साखळी बनते. त्या जोडाला पेप्टाइड बंध म्हणतात आणि तो खरोखरच भक्कम असतो. प्रयोगशाळेत प्रथिनाची अमिनो आम्ले सुटी करायची तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सियसवर सुमारे चोवीस तास ठेवण्याची जुनी, रूढ पद्धत आहे. अंडे दहा मिनिटे उकडले तर त्यातला एखादाच पेप्टाइड बंध तुटत असेल. पण अंड्यातला पारदर्शक भाग पांढरा आणि घट्ट होतोच, कारण साखळी शाबूत राहून तिची घडी विस्कटलेली असते. पारदर्शक पांढऱ्यातली प्रथिने साठ ते ऐंशी अंशांच्या दरम्यान एकामागून एक उलगडतात, आतले भाग उघडे पडतात, शेजारच्या उलगडलेल्या साखळ्यांना चिकटतात आणि सगळ्याची जाळी बनते. चिनी रसायनशास्त्रज्ञ शियेन वू यांनी १९३१ मध्ये हेच सुचवले होते, की प्रथिन ‘बिघडते’ तेव्हा त्याची साखळी तुटत नाही, तिची नेमकी मांडणी मोडते. तेव्हा आपला प्रश्न साखळीचा नसून घडीचा आहे.

आता आकडे पाहू, कारण या विषयात आकड्यांवाचून बोलणे म्हणजे अंधारात चाचपडणे. कर्ब-कर्ब बंध तोडायला मोलमागे ऐंशीहून अधिक किलोकॅलरी लागतात, दोन गंधक अणूंमधल्या डायसल्फाइड बंधाला साठच्या आसपास. शरीराच्या तापमानाला रेणूंची जी सततची धडपड, धक्काबुक्की चालू असते तिची ऊर्जा मोलमागे सुमारे ०.६ किलोकॅलरी. घडीच्या आतला एखादा हायड्रोजन बंध पाण्यातल्या परिस्थितीत निव्वळ सुमारे एक किलोकॅलरीचा आधार देतो. जवळजवळ बसलेल्या अणूंमधले व्हॅन डर वाल्स आकर्षण याहूनही कमी. म्हणजे घडी धरून ठेवणारा एकेकटा बंध उष्णतेच्या नेहमीच्या धक्क्यापेक्षा फार मोठा नाही. सर्व बंधांची बेरीज मात्र शेकडो किलोकॅलरींत जाते. तितकाच मोठा खर्च दुसऱ्या बाजूला असतो, कारण मोकळी साखळी असंख्य प्रकारे वळू शकते आणि घडीत बसताना ते सारे स्वातंत्र्य तिला सोडावे लागते. कोट्यवधींच्या उलाढालीनंतर एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती काही हजार राहावेत तशी या दोहोंची वजाबाकी बहुतेक साध्या प्रथिनांत मोलमागे ५ ते १५ किलोकॅलरी एवढीच उरते. पेशीतल्या ऊर्जेचे चलन असलेला एटीपी मोडला की मोलमागे साधारण सात किलोकॅलरी मिळतात. एका संपूर्ण प्रथिनाची स्थिरता अशा एक-दोन नाण्यांच्या मोलाची असते.

येथे पहिला आक्षेप येतो. इतक्या थोड्या शिलकेवर प्रथिन उभे असेल तर चार अंश ताप चढल्यावर माणसाची प्रथिने उलगडून का जात नाहीत? उत्तर गणितात आहे. उलगडलेल्या आणि घडीतल्या रेणूंचे प्रमाण शिलकेवर घातांकाने अवलंबून असते. शिलक ५ किलोकॅलरी असेल तर कोणत्याही क्षणी साधारण तीन हजारांत एक रेणू उलगडलेला सापडेल. १० असेल तर कोटीत एक. थोडी शिलक म्हणजे डळमळीत अवस्था नव्हे. शिवाय घडी तुकड्यातुकड्याने सुटत नाही. एक बंध सुटला तरी शेजारचे बंध त्या जागा जवळच धरून ठेवतात आणि तो पुन्हा जुळतो. पुरेसे बंध एकदम सुटले तरच सगळी घडी कोसळते. म्हणून तापवताना प्रथिन बराच वेळ जसेच्या तसे राहते आणि मग काही अंशांच्या टप्प्यातच उलगडते. बंधांचा हा परस्परांवरचा भार या साऱ्या विषयाचा कणा आहे. त्यावरही पेशीने जादा तजवीज केली आहे. १९६२ मध्ये फेरुचिओ रितोसा यांना फळमाशीत उष्णता दिल्यावर काही जनुके जागी होताना दिसली. त्यांतून तयार होणारी प्रथिने उलगडू लागलेल्या इतर प्रथिनांना सावरतात हे पुढे कळले. शिलक मोठी असती तर या सावरणाऱ्यांची गरजच पडली नसती.

जमेच्या बाजूला सर्वांत मोठी नोंद ज्याची आहे त्याला बंध म्हणावे की नाही, यावरच वाद होऊ शकतो. आमटीवर तेलाचा तवंग येतो तेव्हा तेलाचे थेंब एकमेकांकडे ओढले जाऊन गोळा होतात असे दिसते. खरे कारण पाण्यात आहे. तेलाच्या रेणूभोवती पाण्याला आपली मांडणी आखडून घ्यावी लागते. थेंब एकत्र आले की पाण्याशी लागणारा पृष्ठभाग घटतो आणि पाणी मोकळे होते. वीस अमिनो आम्लांपैकी ल्यूसिन, व्हॅलिन, फेनिलअॅलॅनिन अशी काही अशीच तेलकट स्वभावाची आहेत. साखळी वळते ती मुख्यतः त्यांना पाण्यापासून दूर, आत दडवण्यासाठी. वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ मध्ये हा विचार नेटाने मांडला, आणि एका वर्षाच्या आत जॉन केंड्र्यू यांच्या मायोग्लोबिनच्या क्ष-किरण चित्रात तेलकट अमिनो आम्ले खरोखर आतल्या बाजूला दिसली. कोणी म्हणेल, यात दोन अणूंमध्ये काही जोडलेलेच नाही, मग हा बंध कसा? शब्दाच्या काटेकोर अर्थाने ही हरकत मान्य आहे. पण प्रथिन पाण्यातच राहते. त्याचा हिशेब पाण्याला वगळून करणे म्हणजे मासळीचे जीवन खाडी वगळून समजून घेऊ पाहणे. कोणते दोन अणू धरलेले आहेत यापेक्षा, घडी सुटताना ऊर्जेचा एकूण हिशेब कुठे जातो हे पाहिले पाहिजे, आणि त्या हिशेबात पाणी भागीदार आहे. टेक्सासमधल्या सी. निक पेस यांच्या गटाने अनेक प्रथिनांत एकेक अमिनो आम्ल बदलून स्थिरता किती घटते ते मोजले. त्यांच्या हिशेबानुसार स्थिरतेतला सुमारे ६० टक्के वाटा या जलविरोधी परिणामाचा आणि सुमारे ४० टक्के हायड्रोजन बंधांचा आहे.

हायड्रोजन बंधांविषयीची शंका याहून बारीक आहे. १९५१ मध्ये लायनस पॉलिंग, रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांनी अल्फा सर्पिल मांडले. दर वळणाला ३.६ अमिनो आम्ले, आणि प्रत्येक ऑक्सिजन चार जागा पुढच्या हायड्रोजनकडे हात करून. चित्र इतके देखणे होते की हायड्रोजन बंधांनीच प्रथिन उभे आहे असे सर्वांना वाटले. पुढे प्रश्न आला, की उलगडलेल्या साखळीतले तेच ऑक्सिजन आणि हायड्रोजन पाण्याशी तसेच बंध करतात. मग घडी घालून मिळवले काय? एका खिशातले दुसऱ्या खिशात. ही शंका बरीच खरी आहे, आणि म्हणूनच प्रत्येक बंधाचा निव्वळ लाभ पाचसहा किलोकॅलरींवरून एकावर येतो. तरीही हा बंध दुय्यम ठरत नाही. तेलकट भाग आत गेले की साखळीचा मुख्य कणाही त्यांच्याबरोबर आत ओढला जातो, आणि तेथे त्याला पाणी मिळत नाही. आतच जोडीदार सापडला नाही तर मोठा तोटा होतो. घडीला पाणी आत ढकलते, पण तिला नेमका आकार देण्याचे काम हायड्रोजन बंध करतात. कोणती वळणे शक्य आहेत याची सीमा मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये आखली. अणू एकमेकांवर आदळू नयेत या साध्या अटीवरून त्यांनी काढलेला नकाशा आजही प्रत्येक नव्या प्रथिन-रचनेची पहिली कसोटी म्हणून वापरला जातो.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येऊ. दोन सिस्टीन अमिनो आम्लांच्या गंधकांमध्ये पडणारा डायसल्फाइड बंध साठ किलोकॅलरींचा आहे. अनेक प्रथिनांत असे दोन, चार, सात बंध असतात. मग ‘दुबळ्यांची बेरीज’ ही गोष्ट कशाला हवी? घडी टिकते ती या खिळ्यांनी, असे का म्हणू नये? या आक्षेपाची परीक्षा अमेरिकेत क्रिस्टियन आन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावर केली. त्यात १२४ अमिनो आम्ले आणि आठ सिस्टीन असतात, म्हणजे चार डायसल्फाइड बंध. आठांच्या चार जोड्या ७ गुणिले ५ गुणिले ३, म्हणजे १०५ तऱ्हांनी लागू शकतात. त्यांनी युरियाने घडी सोडवली आणि मर्कॅप्टोइथेनॉलने गंधकबंध तोडले. युरिया तसाच ठेवून गंधकबंध पुन्हा पडू दिले तेव्हा विकराचे बळ जेमतेम एक टक्का परत आले, जवळजवळ १०५ मधल्या नुसत्या योगायोगाइतके. युरिया आधी काढला तेव्हा मात्र चारही बंध बरोबर जागी पडले. मग बिघडलेल्या नमुन्यात मर्कॅप्टोइथेनॉलचा अंश टाकून ठेवला, तर काही तासांत चुकीचे बंध सुटून बरोबर जुळले. दुबळ्या बंधांनी साखळी आधी आपल्या आकाराला आणली, मग गंधकांनी तो आकार जागच्या जागी बांधला. आन्फिन्सन यांना १९७२ चे नोबेल या कामासाठी मिळाले. शिवाय डायसल्फाइड बंध घडीला घट्ट करतो असे म्हणणेही अपुरे आहे. त्याचा खरा परिणाम उलगडलेल्या साखळीवर होतो. बांधलेली साखळी सुटली तरी मनासारखी पसरू शकत नाही, म्हणून सुटण्यात तिला फारसा लाभ उरत नाही.

आन्फिन्सन यांचे विकर मात्र छोटे आणि पाण्यात विरघळणारे. हा सिद्धान्त सगळीकडे तसाच लागू करू नये, हे ठाण्याच्याच इतिहासातल्या एका वस्तूवरून कळते. १९२५ पासून ठाण्यात लोकरीची गिरणी होती. १९४४ मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे आली आणि ‘रेमंड’ हे नाव देशभर पोचले. आज पोखरण रस्त्यावरच्या त्या जमिनीवर उंच निवासी इमारती आहेत. लोकर म्हणजे केराटिन, आणि केराटिनच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास सिस्टीन. येथे गंधकबंध एका साखळीच्या आत घडी बांधत नाहीत. ते शेजारशेजारच्या साखळ्यांना दोरखंडासारखे एकत्र बांधतात. म्हणून लोकरीची शाल तीन पिढ्या टिकते आणि केस माणसाच्या पोटात पचत नाहीत. कपड्यांना लागणारी कसर लोकर खाऊ शकते, कारण तिच्या आतड्यातले रसायन आधी हे गंधकबंध तोडते आणि मगच विकरे साखळीला हात घालू शकतात. तर मग लोकरीच्या बाबतीत आक्षेप जिंकला का? अर्धा जिंकला. पण त्याच लोकरीच्या पॅंटची इस्त्री पाहा. वाफेने लोकरीतले हायड्रोजन बंध सुटतात, दाबाखाली ते नव्या जागी जुळतात, थंड होऊन कोरडे झाले की घडी बसते. ठाण्याच्या जुलैतल्या पावसात ती भिजली की पाणी त्याच बंधांत शिरते आणि घडी जाते. गंधकबंध या सगळ्यात जागचे हलत नाहीत. कायमची घडी हवी तर रसायनाने गंधकबंध तोडून नव्या जागी जोडावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेने १९५०च्या दशकात अशी पद्धत बसवली. एकाच धाग्यात दोन प्रकारचे बंध दोन वेगळ्या वेळापत्रकांनी काम करतात. लोकरीचे काम नुसते टिकून राहण्याचे आहे. तिला ऑक्सिजन वाहायचा नाही, काही कापायचे नाही, आकार बदलायचा नाही. म्हणूनच तिला इतके खिळे परवडतात.

दुसरे उदाहरण ठाणेकरांच्या ताटातले आहे, आणि त्याला एक मराठी नाव जोडलेले आहे. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून बिरडे करण्याचा खटाटोप कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. वालात अशी प्रथिने असतात की ती आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या विकराला जखडतात, त्यामुळे कच्च्या दाण्यातले प्रथिन नीट पचत नाही. कमला सोहोनी यांनी १९५०च्या दशकात मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये के. एस. आंबे यांच्याबरोबर वालातील हे ट्रिप्सिन-रोधक स्फटिकरूपात वेगळे केले. ही कामगिरी करणाऱ्या सोहोनी म्हणजे पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला होता, त्या हटून राहिल्या, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून परतल्या. आपल्याच स्वयंपाकघरातल्या धान्या-कडधान्यांना त्यांनी जागतिक दर्जाचे जीवरसायन दिले, आणि आज मराठी वाचकाला त्या फारशा ठाऊक नाहीत ही खंत येथे नोंदवलीच पाहिजे. वालातला हा रोधक बोमन-बर्क या घराण्यातला आहे. जेमतेम सत्तर अमिनो आम्लांच्या आसपास, आणि त्यात सात डायसल्फाइड बंध. इतक्या छोट्या प्रथिनाला तेलकट गाभा बनवायला पुरेसा ऐवजच नसतो. दुबळ्या बंधांची संख्या कमी पडते, म्हणून ती तूट गंधकबंधांनी भरून काढावी लागते. त्यामुळेच तो नुसत्या उकळीला बराच काळ दाद देत नाही, आणि भिजवणे, मोड आणणे, मग नीट शिजवणे या साखळीचा उपयोग होतो. आक्षेपाला येथे खरा आधार मिळतो. पण कोणत्या प्रथिनाला किती खिळे लागतात हे ठरते ते त्याच्या दुबळ्या बंधांच्या खात्यावर किती जमले यावरूनच.

या वादाचा निकाल देणारा पुरावा मात्र कोविडच्याच काळात प्रत्येक चाचणीकेंद्रात वापरला जात होता. बाळकुमवरून जुना आग्रा रस्ता कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे जातो, आणि पुढे तानसा नदीकाठी वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे लागतात. अशाच, पण याहून कितीतरी तापलेल्या झऱ्यांत, अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात, थॉमस ब्रॉक यांना एक जीवाणू सापडला आणि १९६९ मध्ये त्याला थर्मस अॅक्वाटिकस हे नाव मिळाले. त्याचे डीएनएची नक्कल करणारे विकर आरटी-पीसीआर चाचणीचा आधार आहे. चाचणीत नमुना पुन्हा पुन्हा ९५ अंशांपर्यंत तापवतात. त्या तापमानाला या विकराचे निम्मे बळ जायला सुमारे चाळीस मिनिटे लागतात. आठशेहून अधिक अमिनो आम्लांच्या या साखळीत डायसल्फाइड बंध एकही नाही. अंड्याची प्रथिने साठ ते ऐंशी अंशांत विस्कटतात, हे विकर उकळत्या पाण्याजवळ शाबूत राहते, आणि दोघांतले दुबळे बंध त्याच त्याच जातीचे आहेत. फरक थोड्याथोड्या गोष्टींच्या बेरजेत आहे. गाभा जरा अधिक गच्च, विरुद्ध भारांच्या अमिनो आम्लांमध्ये आयनी बंध जरा अधिक. या बेरजेने शिलक वर गेली की एवढे होते. खिळे हीच स्थिरता असती तर हे विकर अस्तित्वातच नसते.

आता पुन्हा हिमोग्लोबिनकडे. मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ मध्ये त्याच्या स्फटिकांवर काम सुरू केले, बावीस वर्षांनी रचना हाती आली, आणि १९७० मध्ये त्यांनी ती कशी चालते हे मांडले. ऑक्सिजन नसताना चारही साखळ्यांची टोके शेजारच्या भागांशी आयनी बंधांनी जखडलेली असतात. पहिला ऑक्सिजन बसताना त्यातले काही बंध सुटतात, त्यामुळे दुसऱ्याला बसणे सोपे जाते, तिसऱ्याला आणखी सोपे. स्नायूत कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढलेली असते. आम्लतेने साखळीच्या टोकाकडचे हिस्टिडिन धनभारित होते, आयनी बंध बळकट होतात आणि ऑक्सिजन सुटतो. म्हणजे जिथे श्रम जास्त, तिथेच ऑक्सिजन जास्त मिळतो. हे बंध साठ किलोकॅलरींचे असते तर हिमोग्लोबिन एका आकारात गोठून बसले असते आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा निरर्थक झाला असता. या तोलाची नाजूक बाजूही महाराष्ट्राने सोसली आहे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल आजार घराघरांत आहे. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी भारित ग्लुटामिक आम्लाऐवजी तेलकट व्हॅलिन येते, तो तेलकट तुकडा ऑक्सिजन सुटलेल्या शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतो, आणि रेणूंच्या दोऱ्या वळल्या जाऊन रक्तपेशी विळ्याच्या आकाराची होते. एका दुबळ्या आकर्षणाने एवढे होते. दुबळा म्हणजे नगण्य नव्हे, हे त्या रुग्णांना कोणी शिकवायला नको.

कोविडच्या विषाणूच्या काटेरी प्रथिनाने या विचाराला एक अवघड वळण दिले, आणि तेही लपवू नये. आन्फिन्सन यांच्या मते प्रथिन सर्वांत कमी ऊर्जेच्या आकारात स्थिरावते. काटेरी प्रथिन तसे नाही. पेशीला भिडण्यापूर्वी ते ताणून अडकवलेल्या स्प्रिंगसारखे असते आणि भिडल्यावर उलगडून दुसऱ्या, अधिक स्थिर आकारात उडी घेते. लस द्यायची तर शरीराला पहिला आकार दाखवला पाहिजे. संशोधकांनी १२७३ अमिनो आम्लांच्या साखळीतली फक्त दोन, ९८६वी आणि ९८७वी, बदलून तेथे प्रोलिन बसवले. प्रोलिन ताठ असते, त्यामुळे त्या जागी साखळी सरळ सर्पिलात ताणली जाऊ शकत नाही आणि स्प्रिंग सुटत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होव्हॅक्समधले प्रथिन याच जातीचे.  येथे नवा बंध एकही जोडलेला नाही. उलगडण्याच्या वाटेवर अडसर घातला आहे. तेव्हा स्थिरता दोन प्रकारची असते हे मान्य करावे लागते. एक शिलकेमुळे येते, दुसरी वाट अडल्यामुळे. या पुस्तकातला युक्तिवाद पहिलीवर उभा आहे, दुसरीला त्यात जागा करून द्यावी लागली आहे.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. अल्फाफोल्डसारखी संगणकीय पद्धत अमिनो आम्लांचा क्रम दिला की काही मिनिटांत घडी काढून देते. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठी आणि घडीच्या अशा भाकितासाठी मिळाले. मग बंधांचा हिशेब शिकायचा कशाला? कारण संगणक आकार सांगतो, शिलक सांगत नाही. हिमोग्लोबिनच्या सहाव्या जागचा एक बदल आजार देतो, काटेरी प्रथिनातल्या ९८६व्या आणि ९८७व्या जागचे दोन बदल लस देतात. चित्रात हे बदल जवळजवळ अदृश्य असतात. ते दिसतात किलोकॅलरींच्या खात्यात. इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये का ठेवायची, कोणत्या प्रथिनाचे औषध कोरड्या भुकटीत टिकेल, वालाला किती शिट्ट्या द्याव्यात, या प्रश्नांची उत्तरे आकाराच्या चित्रात मिळत नाहीत.

पुढील प्रकरणांत एकेका बंधाची सविस्तर ओळख येईल आणि आकडेही बरेच येतील. ते वाचताना एक आकडा जवळ ठेवावा, ०.६ किलोकॅलरी. समोर येणारा प्रत्येक बंध त्याच्याशी ताडून पाहावा, आणि मग त्या प्रथिनाला काय काम करायचे आहे ते विचारावे.